हिशोब करत चालायचं

पक्षाघाताच्या पेशंटला व्यायाम सांगितला की आमच्या भागात तो मोजून केला जातो. मेहनतीला घाबरणारी ही माणसं नाहीत. हात शंभर वेळा वर करा म्हटलं तर दोनशे वेळा करतील, मुलगा वहीत तारखेसकट लिहून आणेल आणि "मॅडम, एक दिवस चुकवला नाही" असं अभिमानाने सांगेल. घरी जाऊन पाहिलं की दिसतं, ते दोनशे चालू असताना समोर टीव्हीवर मालिका लागलेली असते, किंवा मुलगाच बापाचा हात धरून वर-खाली करतोय आणि बाप खिडकीतून ट्रॅक्टर मोजतोय. हात हलतोय, आणि त्या हाताचा मालक तिथे नाहीच. असे महिनोन्महिने हललेले हात मी पाहिले आहेत. त्यातले बरेचसे शेवटपर्यंत स्वतःहून पाण्याचा पेला उचलायला गेले नाहीत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पिंपळगाव बसवंतला, मुंबई-आग्रा महामार्गापासून जवळच दोन खोल्यांचं क्लिनिक चालवते. निफाड, दिंडोरी, चांदवड या तिन्ही तालुक्यांतून पेशंट येतात. ज्यांना आणता येत नाही त्यांच्या वस्तीवर मी जाते. "अंगावरून वारं गेलंय" असं फोनवर सांगतात. तोवर नाशिकच्या दवाखान्यातून डिस्चार्ज झालेला असतो, क्वचित मध्ये कुठेतरी तेलमालिश किंवा कबुतराच्या रक्ताचा लेप होऊन गेलेला असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पण पहाटे तोंड वाकडं झालेलं दिसलं तरी "झोपू द्या, थकवा असेल" म्हणून उन्हं वर येईपर्यंत वाट पाहिली जाते. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांना ते मिळालेलं नसतं. त्यांच्यासाठी पुढचं सगळं काम व्यायामावरच येऊन पडतं. म्हणून तो व्यायाम कसा होतो याची मला फार काळजी वाटते.

टोमॅटोचा हंगाम होता. मार्केटच्या बाजूने पिकअपची रांग लागलेली. क्लिनिकच्या लांब खोलीत एक आबा काठी न घेता चालत होते आणि छान चालत होते. घरचे खूश होते, मला म्हणाले आता बंद करू का. मी सहज विचारलं, "आबा, आज कॅरेटला काय भाव निघाला?" आबा थांबले. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. माझ्याकडे वळले, भाव सांगितला आणि मग पुन्हा चालायला लागले. मी परत काही विचारलं, पुन्हा थांबले.

हे थांबणं साधं नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1997 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छोटं निरीक्षण छापलं होतं: वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या ज्या माणसांना बोलायला लागलं की चालणं थांबवावं लागतं, ती पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडतात. धडधाकट माणसाच्या चालण्याकडे मेंदूला फारसं लक्ष द्यावं लागत नाही. पक्षाघातानंतर मात्र प्रत्येक पाऊल जाणून टाकावं लागतं. सगळं लक्ष पावलातच खर्च झालं की बाकी कशासाठी उरत नाही. आणि घरात नुसतं चालणं कधी नसतंच. नातू मध्ये येतो, मोरीत पाणी सांडलेलं असतं, बागेत ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात, मागून कोणी हाक मारतं. माझ्या क्लिनिकच्या फरशीवर सरळ चालणारा माणूस घराच्या उंबऱ्याशी पडतो तो पायाच्या ताकदीअभावी क्वचितच. त्याच क्षणी कुणीतरी त्याला "चहा घेणार का" विचारलेलं असतं.

मग आबांचं चालणं बंद केलं नाही. चालण्याला हिशोब जोडला. या प्रकारच्या चाचण्यांत चालता चालता शंभरातून सात-सात वजा करायला सांगण्याची रीत आहे. आबांना तो प्रकार पोरकट वाटला. त्यांच्या वयाच्या माणसांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केलेली असते. मी म्हटलं, दिडकी म्हणत चला. त्यांनी ती घडाघडा म्हटली आणि पावलंही नीट पडली. पाठ झालेलं असलं की मेंदूला शोधावं लागत नाही. ती पहिली पायरी झाली. त्यानंतर खरा हिशोब. बावीस क्विंटल कांदा, अठराशेचा भाव, हमाली-तोलाई वजा जाऊन हातात किती? आता पाऊल अडायला लागलं. आम्हाला हेच हवं होतं, कारण जिथे अडतं तिथेच सराव करायचा असतो. मी पाळते तो नियम एवढाच: पाऊल बिघडलं तर हिशोब सोपा करायचा, चालणं थांबवायचं नाही. हिशोब चुकला तरी चालतो, तोल चुकलेला चालत नाही. कमरेला उपरणं बांधून त्याची गाठ धरणारं माणूस कमजोर बाजूला हवंच, आणि ते माणूस हिशोबात दंग होणारं नको.

हे पायांचं झालं. हाताचं दुखणं जास्त चिवट असतं. पाय निम्मा बरा झाला तरी माणूस त्यावर उभा राहतो, कारण दुसरा इलाज नसतो. हाताला मात्र पर्याय असतो: दुसरा हात. चांगला हात सगळं करून टाकतो आणि कमजोर हात हळूहळू घरातल्या पाहुण्यासारखा होतो; त्याला कोणी काम सांगत नाही. अमेरिकेत एडवर्ड टॉब यांनी यावर उलटा उपाय मांडला, चांगलाच हात बांधून ठेवायचा. 2006 मध्ये त्यावरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेले 222 पेशंट. त्यातल्या एका गटाने दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातात जाड मोजा घालून कमजोर हाताने सराव केला. त्या गटाला झालेला फायदा वर्षभराने तपासलं तेव्हाही टिकून होता. मात्र मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उघडता येत असतील तरच हा उपाय चालतो. ज्याचा हात अगदी निपचित आहे त्याचा चांगला हात बांधणं म्हणजे त्याला दोन्ही हातांनी थोटं करणं. असं केलेली घरं मी पाहिली आहेत, मोबाईलवरचा व्हिडिओ बघून.

चांगला हात बांधला तर कमजोर हाताने करायचं काय? दवाखान्यात लाकडी खुंट्या असतात, रंगीत चेंडू असतात. त्या वाईट नाहीत. पण आयुष्यभर द्राक्ष केलेल्या माणसासमोर रंगीत खुंट्या ठेवल्या की त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला बघवत नाही. त्याला वाटतं, आपण आता लहान मूल झालो. त्यापेक्षा विरळणीच्या दिवसांत बागेतून टाकून द्यायचे घड मागवते. एका हाताने घड टेकवून धरायचा आणि कमजोर हाताच्या बोटांनी मणी तोडायचे. कात्री नंतर, बऱ्याच नंतर. कोणता मणी काढायचा हे मी सांगत नाही, मला ते कळतही नाही. तो बघतो, ठरवतो, मग बोट जातं. खुंटी कुठली उचलायची यात ठरवण्यासारखं काही नसतं. घडात प्रत्येक मण्याला निवड आहे: हा राहिला तर शेजारचा दबेल, हा आतला आहे, हा बाहेर येईल. डोकं आणि बोट एकाच कामाला लागतं. कांद्याच्या दिवसांत गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढायला देते, तेही तसंच. वजन हाताला कळतं, आकार डोळ्यांना कळतो आणि निर्णय करावा लागतो.

इथे पुलीबद्दल बोललंच पाहिजे. गावोगावी अजून दाराच्या चौकटीला दोरी-पुली लावून कमजोर हात वर ओढण्याचा व्यायाम चालतो. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा खाली उतरलेला असतो. तशा खांद्याला चांगल्या हाताच्या जोराने वर खेचलं की आतले मऊ भाग चिरडले जातात आणि खांदा दुखायला लागतो. एकदा खांदा दुखायला लागला की हात जवळजवळ गेलाच, कारण माणूस तो हलवू देत नाही. पुली काढून टाका, असं मी पहिल्या भेटीतच सांगते. हात टेबलावर ठेवून पुढे सरकवा, फडक्याखाली हात ठेवून टेबल पुसा. आणि खाटेवरून उठवताना त्या हाताला धरून ओढू नका.

बोटच हलत नसेल तर? ऑक्टोबरच्या छाटणीच्या तोंडावर एका बागायतदाराला झटका आला. उजवा हात पूर्ण गेलेला. मुलगा छाटणीत अडकलेला आणि हे ओसरीत पडून. बोलायचे नाहीत; बोलता येत होतं, पण बोलायचे नाहीत. मी हाताला हात लावला की तोंड भिंतीकडे फिरवायचे. एके दिवशी व्यायाम बाजूला ठेवला आणि म्हटलं, डोळे मिटा. कोणत्या प्लॉटमध्ये आहात? उत्तर नाही. म्हटलं, कात्री उजव्या हातात घ्या, मनातल्या मनात, आणि पहिल्या ओळीपासून छाटायला सुरुवात करा. बऱ्याच वेळाने म्हणाले, "असं नाही चालत. आधी काडी तपासून आणायची असते. डोळ्यात घड आहे का नाही ते बघितल्याशिवाय कात्री कशी लावायची?" मग मला समजावत बसले: काडीच्या कितव्या डोळ्याला घड आहे हे प्रयोगशाळेतून कळतं, त्यावर किती डोळे राखायचे ते ठरतं. मी विचारत गेले, ते छाटत गेले. प्रत्येक काडीला अंगठा कुठे, मनगट कसं वळतं, कात्री मिटताना कुठे जोर लागतो, ते सगळं त्यांच्या तोंडून काढलं. त्यानंतर लगेच, मन त्या ओळीत असतानाच, त्यांचा उजवा हात माझ्या हातावर घेऊन तीच हालचाल करायची.

हे मनाचं समाधान नव्हे. 1995 मध्ये पास्कुआल-लिओने आणि सहकाऱ्यांनी पियानो न येणाऱ्या माणसांना पाच बोटांची एक चाल शिकवली. काहींनी ती रोज वाजवली. काहींनी बोट न हलवता तेवढाच वेळ नुसती मनात वाजवली. मनात वाजवणाऱ्यांच्याही मेंदूत बोटांचा ताबा असलेल्या भागात बदल दिसला. 2007 मध्ये स्टीफन पेज यांनी जुना पक्षाघात असलेल्या 32 पेशंटवर हेच तपासलं. हाताच्या व्यायामाला मनातल्या सरावाची जोड मिळालेल्यांचा हात जास्त सुधारला. जोड हा त्यातला महत्त्वाचा भाग. नुसतं पडून मनात छाटणी केली तर हात उठणार नाही. आमच्या बागायतदारांची बोटं पुढे हळूहळू उघडली, सगळी नाहीत. कात्री ते आता डाव्या हाताने धरतात आणि उजव्याने काडी धरतात. ही सुधारणा पुष्कळ आहे, असं मी मानते.

उजव्या मेंदूला इजा झालेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांची डावी बाजू लुळी पडतेच, पण काहींना डावी बाजू *असते* याचाच विसर पडतो. डोळा चांगला असतो, मेंदू तिकडे लक्ष देत नाही. एका काकूंच्या घरी तक्रार होती की त्या जेवणात खोड्या काढतात: कोशिंबीर ठेवतात, चटणीला हात लावत नाहीत, मीठ वाढलेलं असून मीठ मागतात. मी जेवायच्या वेळी गेले. आपल्या पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे वाढतात आणि भाजी-आमटी उजवीकडे. काकूंच्या पानातली उजवी बाजू स्वच्छ झाली होती, डावी जशीच्या तशी. सुनेला वाटत होतं त्या मुद्दाम करतात, रुसल्या आहेत. त्या रुसल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी ती कोशिंबीर जगात नव्हती.

यावर पुस्तकात कागदावरच्या रेघा खोडायचे, अक्षरं शोधायचे व्यायाम असतात. आम्ही काकूंना पानं वाढायला उभं केलं. ओट्याला पोट टेकवून उभं राहायचं, डाव्या पायावर थोडा भार टाकायचा, प्रत्येक ताटात डावीकडून सुरुवात करायची, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, आणि वाढलं की नाव मोठ्याने घ्यायचं. कमजोर डावा हात ताटाच्या डाव्या काठावर टेकवून ठेवायचा, म्हणजे नजरेला खूण राहते. इतक्या वर्षांच्या वाढण्याचा क्रम त्यांच्या अंगात होता. त्या क्रमाने त्यांची नजर डावीकडे ओढून नेली. उभं राहणं, तोल, हात, नजर, लक्ष, क्रम यांना वेगवेगळे तास द्यायची गरज उरली नाही. चुकलेला पदार्थ सांगायचं काम त्यांच्या मिस्टरांकडे होतं आणि ते फार मनापासून सांगायचे.

वाचा गेलेल्यांच्या बाबतीत माझा अधिकार मर्यादित आहे, त्यांना मी नाशिकला स्पीच थेरपिस्टकडे पाठवते. पण एक गोष्ट इथे वारंवार दिसते. बायकोचं नाव न आठवणारा वारकरी संध्याकाळी हरिपाठाला बसला की सगळ्यांबरोबर म्हणू लागतो. घरच्यांना चमत्कार वाटतो. बोलण्याची केंद्रं बहुतेकांत डाव्या मेंदूत असतात, हे पॉल ब्रोका यांच्या 1861 सालच्या पेशंटपासून माहीत आहे; पाठांतर आणि चाल यांना मेंदूत इतरही आधार असतो. बोस्टनमधल्या डॉक्टरांनी 1973 मध्ये याच धाग्यावर, डाव्या हाताने ठेका देत गाऊन बोलायला शिकवण्याची पद्धत मांडली. म्हणून हरिपाठ बंद करू नका, उलट उजव्या हातात टाळ अडकवून बसवा, एवढं मी सांगते.

हे सगळं सांगताना मला याच्या मर्यादाही सांगायच्या आहेत, कारण लोक लगेच टोकाला जातात. व्हँकुव्हरमध्ये झालेला, 2022 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. पक्षाघात होऊन किमान वर्ष उलटलेले 120 जण. एका गटाला नियमित शारीरिक व्यायाम, दुसऱ्याला संगणकावरचे बुद्धीचे खेळ आणि लोकांत मिसळण्याचे कार्यक्रम, तिसऱ्याला नुसते स्नायू ताणण्याचे हलके व्यायाम. विचारशक्तीची चाचणी घेतली तर फरक दिसला तो शारीरिक व्यायामवाल्यांत. बुद्धीच्या खेळवाल्यांत तसा दिसला नाही. म्हणजे डोक्यासाठीसुद्धा घाम गाळावाच लागतो. "बाबांना मोबाईलवर मेंदूचे खेळ लावून दिलेत" असं सांगणाऱ्या मुलांना मी हेच ऐकवते. खेळ चालतील, पण उठवून चालवण्याऐवजी नाही. आणि चालवायचं तेही दवाखान्यात पाऊल ठेवल्या ठेवल्या नाही. 2015 च्या 'अॅव्हर्ट' या मोठ्या अभ्यासात पहिल्या चोवीस तासांपासूनच जास्त वेळा आणि जास्त वेळ उठवलेल्या पेशंटची पुढची स्थिती तुलनेने कमी चांगली राहिली.

माझ्या कामाला सर्वांत थेट भिडणारा अभ्यास भारतातलाच आहे. 'अटेंड' नावाचा, 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला. 14 रुग्णालयं, 1250 पेशंट. घरच्या माणसाला दवाखान्यातच व्यायाम शिकवायचे आणि घरी दोन महिन्यांपर्यंत ते चालू ठेवायचे. सहा महिन्यांनी पाहिलं तर मृत्यू आणि परावलंबित्व यांत नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक आढळला नाही. खेड्यापाड्यात घरच्यांशिवाय आमचं काम एक पाऊल पुढे जात नाही, म्हणून हा निष्कर्ष वाचून मी अस्वस्थ झाले, अजूनही आहे. माझं मत, आणि ते माझंच आहे, असं की घरच्या माणसाला व्यायाम शिकवून मोकळं होता येत नाही. पेशंट बदलतो तसं काम बदलावं लागतं: काल मणी तोडता आले तर आज कात्री, आज दिडकी जमली तर उद्या हमाली वजा. हे बदलायला कोणीतरी पुन्हा पुन्हा त्या ओसरीत यावं लागतं. ते काम सुनेचं किंवा नातवाचं नाही, आमचं आहे. आणि तीन तालुक्यांत ते करायला आम्ही फार थोडे आहोत.

पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य गाठतं. घरात त्याला आळशी म्हणतात. नैराश्यातल्या माणसाकडून मोजून हात हलवून घेता येतो, पण निवड करवून घेता येत नाही. म्हणून जो माणूस "तुम्हाला जे वाटेल ते करा" म्हणतो त्याला मी आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. औषधाने महिना-दीड महिन्यात तो "गोल्टी नको, मोठा कांदा द्या" म्हणाला की कामाला लागते.

बायकांच्या बाबतीत अडचण उलट्या बाजूने येते. पुरुषाला मार्केटला जायचं असतं, सही करायची असते, त्याच्यासाठी घर झटतं. बाईला झटका आला की सून-मुली प्रेमाने म्हणतात, आयुष्यभर केलंत, आता निवांत बसा. लसूण सोलायला घेतला तर हातातून काढून घेतात. वाती वळायला बसल्या तर "विकतच्या आणल्यात" म्हणतात. काम काढून घेतलं की त्याबरोबर ठरवणंही जातं: आज भाजी कोणती, पीठ किती, पाहुणे किती. हात आणि डोकं दोन्ही रिकामं. त्या घरांत मी व्यायामाचा कागद देतच नाही. सुनेला बसवून सांगते: रोजचं एक काम पूर्ण त्यांचं, मोजण्यापासून उचलून ठेवण्यापर्यंत. गॅसपाशी कोणीतरी उभं राहा, सुरी देऊ नका, बाकी मध्ये पडू नका. दुधाचा हिशोब त्यांनी ठेवायचा. कणीक त्यांनी मळायची, कमजोर हात परातीत हवाच. पाणी जास्त झालं तर होऊ द्या. आणखी पीठ किती घालायचं ते त्यांनाच विचारा, आणि डबा त्यांच्या कमजोर बाजूला ठेवा.